घरची ज्वारी

बार्शीत गिरणीच्या दारात डबा घेऊन आलेलं माणूस 'किती वेळ लागेल' हे मागाहून विचारतं. आधी विचारतं, "कशावर?" म्हणजे, आत्ता दगडावर काय दळलं जातंय? ज्वारीवर ज्वारी पडणार असेल तर डबा खुशाल पुढं सरकतो. डाळीवर गहू पडणार असेल तर भलाभला माणूस डबा उचलून पुढच्या पेठेतली गिरणी गाठतो, कारण चपातीला बेसनाचा वास कोणाला हवाय? २०४३ साल उजाडलं, गिरण्या छपरावरच्या उन्हावर चालायला लागल्या, डॉक्टर बोटाच्या एका थेंबातून माणसाची कुंडली मांडायला लागले, पण हा प्रश्न काही बार्शीनं सोडला नाही.

सुवर्णाकाकू सुरवसे यांच्या गिरणीत मात्र तो कोणी विचारत नसे. त्यांच्या सासऱ्यांनी शिस्तच घालून दिली होती की एकाचं पीठ दुसऱ्याच्या डब्यात जाता कामा नये. म्हणून डाळ दळून झाली की काकू पुढच्या गिऱ्हाइकाचं धान्य लगेच घेत नसत. आधी दोन किलो घरची ज्वारी गिरणीत ओतायची, दगडांच्या खाचांत दडलेलं बेसन तिच्याबरोबर बाहेर पडू द्यायचं, आणि मग गिऱ्हाइकाचा गहू. पुसायला वापरलेली ती ज्वारी घरच्या डब्यात जाई. अन्न टाकून देण्याइतकं सुरवशांचं घर माजलं नव्हतं. चाळीस वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता. नवरा गेला आणि गिरणी एकटीनं चालवायची पाळी आली, त्या वर्षीसुद्धा नाही. "सुरवशांकडं दळा आणि डोळे मिटून खा," असं पेठेत म्हणत, आणि एकसष्ट वर्षांच्या काकूंना ते ऐकायला मनापासून आवडे.

त्याहून आवडती गोष्ट एकच, नात शर्वी. वय सात, समोरचे दोन दात पडलेले, तोंडाची टकळी अखंड चालू. शाळेतून आली की दप्तर बाकड्यावर फेकायची, आधी गिऱ्हाइकांची चौकशी करायची आणि मग आज्जीची. गेल्या वर्षी तिच्या अंगावर गांधी उठायला लागल्या. काकूंनी कुठलीही आजी करेल तेच केलं. पित्त उठलंय म्हणाल्या, आमसूल भिजवून अंगाला चोळलं आणि निवांत झाल्या. तिसऱ्या खेपेला पोरीचे ओठ सुजले, श्वासाला शिटी लागली, तेव्हा मात्र आमसुलाची वाटी हातातच राहिली.

त्याच सुमारास शाळेत थेंबतपासणी आली. बोटाचा एक थेंब घ्यायचा आणि नखाएवढ्या चकतीवर सोडायचा. त्या चकतीवर आपल्या रोजच्या खाण्यातल्या तीनशे पदार्थांची प्रथिनं बारीक ठिपक्यांनी मांडलेली असत. रक्तातली प्रतिपिंडं ज्या ठिपक्याला जाऊन चिकटतील तो उजळे. शर्वीच्या चकतीवर अकरा ठिपके उजळले: हरभरा, तूर, मूग, मसूर, वाटाणा, हुलगा, शेंगदाणा, तीळ, मेथी, मोहरी आणि वांगं.

सून ऋतुजानं यादी दोनदा वाचली. ती मूळची लातूरची, इथल्या हायस्कुलात गणित शिकवायची, आणि गणितवालीला साजेल अशा नेकीनं तिनं यादीतला प्रत्येक जिन्नस त्याच संध्याकाळी घराबाहेर काढला. मेतकूट गेलं, आमटी गेली, आणि शेवटी शेंगाच्या चटणीची बरणीही शेजारी गेली. बार्शीच्या घरातून शेंगाची चटणी जावी म्हणजे काय, हे बाहेरगावच्या माणसाला सांगून कळायचं नाही. शर्वीच्या ताटात उरलं भात, दूध, ज्वारीची भाकरी आणि दोडका. आठ महिन्यांत पोर वाळली. शाळेत मधल्या सुट्टीत तिला एकटीला वेगळ्या बाकावर बसवत, कारण शेजारणीच्या डब्यात चटणी असायची. हळूहळू तिची टकळीही मंदावली.

एवढं करून गांधी थांबल्या असत्या तर काकूंनी देवाला नारळ फोडला असता. पण त्या थांबल्या नाहीत. कधी पंधरा दिवस सुखाचे जात, मग अचानक पुन्हा उठत.

जानेवारीतल्या एका रविवारी शर्वी दूध-भाकरी खाऊन अंगणात गेली आणि पाचव्या मिनिटाला परत आली. "आई, जीभ जाड झाली," एवढंच म्हणाली. ऋतुजानं गळ्यातल्या पिशवीतलं औषधाचं पेन काढून तिच्या मांडीत टोचलं, काकूंनी तिला पोटाशी धरलं, आणि दोघी बायका त्या इवल्याशा छातीचं वर-खाली होणं मोजत बसल्या. दहा मिनिटांनी श्वास मोकळा झाला. ऋतुजानं वापरलेलं पेन फेकून नवं पिशवीत घातलं.

"डॉक्टर बागवानांकडं नवं यंत्र आलंय," ती म्हणाली. "उद्याच जाऊ. आता मला काय ते एकदाच कळू दे."

डॉक्टर नाझिया बागवान बार्शीच्याच. वडिलांचा फळांचा गाडा होता. पुण्या-दिल्लीला शिकून गावात परतलेल्या या बाईला औषधापेक्षा समजावून सांगण्याची हौस जास्त. दवाखान्यात रांग लांब असे ती त्यामुळेच.

"काकू, जुनी तपासणी खोटी नव्हती बरं का," त्या म्हणाल्या. "पण अर्धीच होती. समजा, गावात एकदा चोरी झाली. राखणदारानं चोराला पाहिलं, पण त्याच्या लक्षात राहिली ती फक्त मिशी. आता तो गावातल्या प्रत्येक मिशीवाल्याला बघून शिट्टी फुंकणार. जुनी चकती ती शिट्टी ऐकायची. शेंगदाणा, मसूर, हरभरा ही सगळी एकाच भावकीतली, मिशा सारख्याच. खरा चोर कोण, ते शिट्टीवरून कळत नाही."

"मग कशावरून कळतं?" ऋतुजानं विचारलं.

"पकडापकडीवरून."

रक्तात, त्या सांगू लागल्या, शंभर पांढऱ्या पेशींमागे एखादीच सापडते अशी एक पेशी असते. तिच्या अंगावर प्रतिपिंडं खोचलेली असतात आणि पोटात रसायनाच्या पोटल्या. खरा शत्रू भेटला की ती पोटल्या फोडते. त्याच रसायनानं गांधी उठतात, घसा सुजतो. पूर्वी या पेशी बाहेर काढल्या की काही तासांत मरायच्या. नवं यंत्र त्यांना चकतीवर दोन दिवस जगवतं. प्रत्येक पदार्थ त्यांच्यापुढं आधी कणभर, मग जरा जास्त असा ठेवतं आणि कॅमेऱ्यातून बघत राहतं. नुसती ओळख पटली तर पेशी गप्प राहते. वैर असेल तर फुटते, आणि नेमकी किती कणांना फुटली तेही दिसतं.

दोन दिवसांनी निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर ते चित्र दाखवलं. अकरा चौकटी होत्या. दहा चौकटींत निळसर पेशी शांत पडलेल्या. अकराव्या चौकटीत एकामागून एक पेशी उमलत, फुटत होत्या. एवढ्याशा थेंबात पोरीचं आख्खं दुखणं उघडं पडलेलं बघून काकू हात जोडून उभ्या राहिल्या. असलं काही आपल्या हयातीत बघायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"फक्त हरभरा," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीचे दहा निर्दोष. शर्वी, तू शेंगाची चटणी खाऊ शकतेस. पहिल्यांदा इथं माझ्यासमोर, मग घरी."

शर्वीनं आईकडं बघितलं. आपल्याला फसवत तर नाहीत ना, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. डॉक्टरांनी डबी उघडली, बोटाच्या टोकाएवढी चटणी तिच्या जिभेवर ठेवली, अर्ध्या तासानं चमचाभर दिली. काही झालं नाही. झालं ते ऋतुजाला. ती पदरात तोंड लपवून रडली.

"पण एक गोष्ट आहे," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "हरभरा हिला फार थोडासा पुरतो. चिमटीत धरता येणार नाही एवढं बेसन बस्स झालं. आणि या पेशींवर ताज्या झटापटीच्या खुणा आहेत. पेशी जगतात मोजके दिवस, म्हणजे रविवारची भानगड हरभऱ्याचीच. उडालेलं पीठ नाकात गेलं असतं तर शिंका-खोकला आधी आला असता. हे पोटातून गेलंय. काही ना काही खाल्लंय हिनं."

"आठ महिने घरात हरभऱ्याचा दाणा नाही," ऋतुजा म्हणाली. मग ती थांबली, आणि तिची नजर हळूच सासूकडं वळली.

ती नजर काकूंना घरी येईपर्यंत टोचत राहिली. घरी आल्यावर शर्वीला शेजारी पाठवून ऋतुजानं दार लोटलं.

"आत्या, मी रागावणार नाही. खरं सांगा. लाडू दिलात का तिला? गिऱ्हाइकांच्या घरून येतो, प्रसाद म्हणून, पोरीचं तोंड बघवत नाही म्हणून..."

"मी?" काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. "चाळीस वर्षं लोकांच्या डब्यात दुसऱ्याचा कण जाऊ दिला न्हाई मी. आन् माझ्याच नातीला चोरून लाडू चारीन?"

"यंत्र काय खोटं बोलतंय?"

"मग मी खोटं बोलतीय का? यंत्राला इचार की, कुणी चारला ते."

"ते यंत्राला कळत नाही," ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता आणि तेच जास्त लागत होतं. "मला एवढंच कळतं, की पुढच्या वेळी पेन चाललं नाही तर माझी मुलगी जाईल. मी सोलापूरला बदलीचा अर्ज भरलाय. अथर्वशी बोलणं झालंय. परीक्षा झाली की आम्ही जातो."

अथर्व म्हणजे काकूंचा मुलगा, पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर असायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा. तोही हो म्हणाला होता. काकू त्या रात्री जेवल्या नाहीत. आपल्यावर आळ आला याचं दुःख होतंच, पण शर्वीशिवायचं बाकडं डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

शनिवार उजाडला. शनिवार हा डाळीचा वार. राजमाने मामी, पेठेतलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, पाच किलो हरभरा डाळ घेऊन आल्या. नातवाचं बारसं होतं. त्यांच्या मागं मुलींच्या वसतिगृहाच्या बाई गहू घेऊन उभ्या होत्या. बेसन दळून झालं, मामींनी डबा बंद केला, आणि काकूंनी नेहमीप्रमाणं कोपऱ्यातली घरची ज्वारी उचलली.

"हे एक बरं हाय बघा तुमचं," मामी वसतिगृहाच्या बाईंना कौतुकानं सांगू लागल्या. "माझं बेसन तुमच्या गव्हात येणार न्हाई. सगळं त्या ज्वारीत जातंय."

काकूंचा हात ज्वारीसकट हवेतच थांबला.

सगळं त्या ज्वारीत जातंय. आणि ज्वारी घरच्या डब्यात. शनिवारची ज्वारी, रविवारची भाकरी. गांधी उठल्या की पोर आठवडाभर दूधभातावर असे, तोवर ते पीठ संपून जाई. दिवाळीआधी घरोघरचं बेसन दळायला आलं तेव्हा लागोपाठ तीन रविवार पोर फुगली होती. ज्या आठवड्यात कोणी डाळ आणली नाही तो आठवडा सुखाचा गेला होता. काकू ज्वारी तशीच घेऊन बाकड्यावर बसल्या.

"काय वो, घेरी आली का?" मामींनी विचारलं.

"न्हाई," काकू म्हणाल्या.

पुढची दोन-चार मिनिटं काकूंच्या मनात जे चाललं ते त्यांनी नंतर कधी लपवलं नाही. गप्प बसता आलं असतं. आजपासून घरची ज्वारी निराळी दळायची, गांधी आपोआप थांबतील, कोणाला काही कळणार नाही. लाडवाचा आळ राहील, पण लाडू देणारी आजी ही काही फार मोठी गुन्हेगार नव्हे. जग तिला माफ करतं. गिरणीचं नाव शाबूत राहिलं असतं. काकूंनी ज्वारी ओतली. खाली आलेलं पीठ एका पिशवीत भरलं. मग वसतिगृहाचा गहू दळला आणि बाईंना विचारून त्यातलंही मूठभर दुसऱ्या पिशवीत घेतलं. गिरणीचं बटण बंद केलं आणि त्या थेट हायस्कुलाच्या फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या.

ऋतुजा बाहेर आली तर सासू पिठानं माखलेल्या लुगड्यानिशी उभी.

"चल दवाखान्यात," काकू म्हणाल्या. "चोर घावलाय. मीच हाय."

वाटेत त्यांनी सगळं सांगितलं.

डॉक्टर बागवानांनी दोन्ही पिठं पाण्यात कालवली, त्यांत एकेक कागदी पट्टी बुडवली आणि यंत्राखाली धरली. मग नवी पट्टी काढून पुन्हा एकदा तपासून पाहिलं.

"ज्वारी हरभऱ्यानं भरलीय," त्या म्हणाल्या. "एका भाकरीत शर्वीला लागतं त्याच्या शेकडो पट. तुमचा अंदाज बरोबर आहे काकू." काकूंची मान खाली गेली. "आता दुसरी पिशवी बघा. त्याच दगडावर, पाच मिनिटांनी दळलेला गहू. हरभरा शून्य. मी दोनदा तपासलं. मोठमोठ्या कारखान्यांच्या पिठात मला शून्य मिळत नाही. चाळीस वर्षं तुम्ही लोकांना जो शब्द दिला तो कणाकणानं पाळलाय. फक्त जे जे लोकांच्या डब्यातून काढलं, ते सगळं स्वतःच्या घरी नेलंत."

काकू ढसाढसा रडल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांचं काम कणात मोजून खरं ठरवलं होतं, आणि त्याची किंमत नातीनं भरली होती.

"लाडू दिला असता तर बरं झालं असतं गं," त्या ऋतुजाला म्हणाल्या. "लेकराच्या तोंडाला चव तरी आली असती."

ऋतुजानं त्यांचे पिठाळ हात आपल्या हातात घेतले. "तुम्ही सांगितलं नसतं तर मला आयुष्यात कळलं नसतं आत्या. आणि मी तुम्हाला काय काय बोलले."

"गिरणी बंद करते मी."

"अजिबात नाही," ऋतुजा म्हणाली. तिनं पर्स उघडली, बदलीचा अर्ज काढला आणि उलटा केला. त्याच्या कोऱ्या पाठीवर गणिताच्या बाईंनी रेघा मारून आठवड्याचं वेळापत्रक आखायला घेतलं. शनिवारी डाळ. रविवारी दगड खोलायचे, ब्रशनं झाडायचे, धुवायचे, उन्हात वाळवायचे. सोमवारी पहाटे सगळ्यांच्या आधी घरची ज्वारी. डॉक्टरांनी शंभर पट्ट्या दिल्या. डब्यात जाण्याआधी प्रत्येक पीठ तपासायचं ठरलं.

काकूंनी झाला प्रकार गिऱ्हाइकांपासून लपवला नाही. येईल त्याला, बाकड्यावर बसवून, स्वतःच्या तोंडानं सांगितलं. नाव गेलं तर जाऊ दे, म्हणाल्या. दगड पुसलेली ज्वारी आता शेजारच्या म्हशीला जाईल, तिला काही होत नाही.

पुढच्या शनिवारी राजमाने मामी पुन्हा डाळ घेऊन आल्या. डब्यावर एक कापडी पिशवी होती.

"ही काय?" काकूंनी विचारलं.

"ज्वारी. दोन किलो." मामींनी पिशवी बाकड्यावर ठेवली. "माझ्या डाळीनं खराब झालेला दगड माझ्याच ज्वारीनं पुसायचा. तुमच्या घरच्या दाण्याला आता हात लावायचा न्हाई. आमच्या घरी हरभरा कुणाला बाधत न्हाई, आम्ही खाऊ त्या भाकरी." त्यांच्या मागं डाळवाले आणखी तिघं उभे होते. तिघांच्याही डब्यांवर पिशव्या होत्या.

काकूंनी मामींची पिशवी जवळ ओढली आणि बटण दाबलं.

सोमवारी सकाळी धुतलेले दगड बसवून झाले तेव्हा दारात वसतिगृहाच्या गव्हाचा डबा पहिल्या नंबरला लागलेला होता. त्याच्या मागं, गणवेशात, दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरून शर्वी उभी होती. दातांच्या फटीतून वारा जात होता तरी आवाज गिऱ्हाइकाचा होता.

"आज्जी, कशावर?"

हा प्रश्न त्या गिरणीत कितीतरी वर्षांनी विचारला गेला होता. काकूंनी पहिल्या नंबरच्या डब्याकडं बघितलं. वेळापत्रक काहीही म्हणो, गिऱ्हाइकाचं आधी, घरचं मागाहून, हा सासऱ्यांचा नेम हाडात मुरलेला होता. वसतिगृहाच्या बाईंनी आपणहून आपला डबा उचलून मागं ठेवला.

"कशावरच न्हाई," काकू म्हणाल्या आणि त्यांनी नातीच्या हातातला डबा घेतला. "आज तुझंच पहिलं."